फोटोग्राफीचं पुस्तक घेताय? आधी लेखकाचं नाव नीट वाचा

मावसभावाच्या पोरानं सेकंडहँड कॅमेरा घेतलाय आणि घेतल्या घेतल्या विचारतोय, काका पुस्तक कुठलं घेऊ. त्याला व्हॉट्सॲपवर लिहायला बसलो, लांबत चाललं, म्हटलं इथंच टाकतो.

पहिलं म्हणजे नावात कॅमेऱ्याचं मॉडेल असलेलं पुस्तक घेऊ नको. माझ्याकडं एक पडलंय, कॅमेरा विकून सात वर्षं झाली, पुस्तक फुकटसुद्धा कोण नेत नाही. बटणांचं सगळं मॅन्युअलमध्ये असतंच, आता ते कोणी उघडत नाही ती गोष्ट वेगळी.

टेक्निकसाठी एकच घे, ब्रायन पीटरसनचं 'अंडरस्टँडिंग एक्स्पोजर'. पहिल्यांदा १९९० ला आलं, फिल्मच्या जमान्यात, तरी अजून चालतंय कारण ॲपर्चर-शटरचं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं आणि उजेड किती वेळ आत घ्यायचा याचं, गणित काय बदललेलं नाही. मला एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याची, अक्कल कधी आली सांगतो. पुसेगावच्या यात्रेत एका खिलार खोंडाचा फोटो काढला, फ्रेमभर नुसता खोंड, मालकाला स्क्रीनवर दाखवला तर म्हणतो, "ह्यो कुणाचा? आमचा दुधागत पांढरा हाय की!" खरंच, राख फासल्यागत आलेला. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पांढरं-काळं काही कळत नाही, समोर येईल ते मधल्या करड्या रंगावर, ते १८ टक्केवालं ग्रे म्हणतात त्यावर, नेऊन बसवतो. म्हणून पांढऱ्या खोंडाला एक-दीड स्टॉप (उजेडाचं माप, एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्लस आणि काळ्या म्हशीला मायनस. हे यूट्यूबवर पण आहे, मान्य, पण तिथं तीनदा बघून तीनदा विसरलो होतो.

कंपोझिशनला, म्हणजे फ्रेममध्ये काय कुठं ठेवायचं त्याला, मात्र माझी फजिती झाली. 'द फोटोग्राफर्स आय' नावाची दोन पुस्तकं आहेत! एक मायकेल फ्रीमनचं २००७ चं, त्यात फ्रेम, रेषा, तोल, रंग सगळं समजावून सांगितलंय. दुसरं जॉन शारकॉव्स्कीचं १९६६ चं, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमचं, मजकूर थोडाच आणि पुढं नुसते ब्लॅक अँड व्हाइट फोटो. पाहिजे होतं पहिलं, घाईत मागवलं दुसरं. आठवडाभर चरफडलो, यात रूल ऑफ थर्ड्स (फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून रेघांवर विषय ठेवायचा) कुठाय म्हणून. फ्रीमन नंतर घेतलंच, चांगलंय, पण ते वाचून मी क्लिक करायच्या आधी मनात रेघा मारत बसायचो आणि तोवर समोरचा माणूस निघून जायचा. आता शारकॉव्स्कीच जास्त हातात असतं. एकेका फोटोवर पाच मिनिटं थांबायचं, कडेला काय कापलंय, काय मुद्दाम ठेवलंय ते बघायचं, बास.

आणि पैसे नसतील तर सरळ सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलेलं भवानी म्युझियम, राजा रविवर्म्याची ओरिजिनल पेंटिंग्ज आहेत तिथं. चित्रासमोर उभं राहून एवढंच शोध की उजेड कुठनं येतोय आणि चेहऱ्याची कुठली बाजू सावलीत ठेवलीय. कासला दरवर्षी जाणारे आपले किती सातारकर एकदा तरी औंधला गेलेत कोण जाणे.

तर पीटरसन तू विकत घे, बाकीची दोन माझ्याकडनं ने. फक्त कंदी पेढे खात पानं उलटू नको, फ्रीमनवर आधीच तुपाचा एक डाग आहे आणि तो कुणी पाडला ते घरात सगळ्यांना माहितीय.