टेस्लाची वाईट बातमी, शॉर्टवाले आणि शेअरधारकांचा संशय

टेस्लाबद्दल वाईट बातमी आली की शेअरधारकांच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "पैसे देऊन छापून आणलंय." कुणी शॉर्ट सेलरकडे, म्हणजे शेअर पडला की कमावणाऱ्याकडे, बोट दाखवतं, कुणी जुन्या मोटार कंपन्यांच्या जाहिरातींकडे, कुणी तेलवाल्यांकडे. इथून अमेरिकन शेअर घेणारे मराठी गुंतवणूकदारही आता हेच बोलतात. या संशयाला इतिहास आहे, तो उगाच आलेला नाही. पण बातमीमागे कोण आहे हे कळलं म्हणून बातमी खरी की खोटी हे कळत नाही. ते वेगळं तपासावं लागतं, आणि तपासायचे कागद बहुतेक वेळा फुकट मिळतात.

आधी संशय जिथे बरोबर ठरला ते बघू.

जानेवारी २०२० मध्ये जगभर मथळे आले की टेस्लाच्या गाड्या आपोआप वेग घेतात आणि अमेरिकेची रस्ते सुरक्षा यंत्रणा, एनएचटीएसए, पाच लाख गाड्यांबाबत विचार करतेय. प्रत्यक्षात कुणीतरी तपासाची मागणी करणारा अर्ज केला होता आणि असा अर्ज आला की तो तपासणं यंत्रणेला भागच असतं. अर्जदार शॉर्ट सेलर आहे असं टेस्लाने तेव्हाच जाहीरपणे सांगितलं होतं. वर्षभराने, जानेवारी २०२१ मध्ये, एनएचटीएसएने अर्ज फेटाळला. ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर पाय पडल्याने अपघात झाले, गाडीत दोष सापडला नाही, असा निष्कर्ष होता. पहिल्या बातमीला पहिलं पान मिळालं, निकालाला कोपरा.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२१ चं. टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळ स्प्रिंग इथे मॉडेल एस झाडावर आदळून पेटली, दोघे गेले. स्थानिक पोलिसांनी ठामपणे सांगितलं की ड्रायव्हरच्या सीटवर कुणीच नव्हतं. सोमवारी शेअर तीन टक्क्यांहून जास्त पडला. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकन संस्थेने, एनटीएसबीने, महिन्याभरात प्राथमिक अहवाल दिला, त्यात घराच्या कॅमेऱ्यात मालक ड्रायव्हरच्या सीटवर बसताना दिसतो असं होतं. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम अहवालात कारणं होती दारू, गुंगी आणणारी औषधं आणि अतिवेग. ज्यांनी पहिल्या दिवशी घाबरून विकला त्यांचं नुकसान खोट्या माहितीवर झालं. म्हणून अपघाताच्या बातमीवर पहिल्या ४८ तासांत काहीही करू नये असं माझं ठाम मत आहे. त्या वेळी माहिती असते ती घटनास्थळावरच्या पोलिसाची. गाडीचा लॉग, म्हणजे गाडीत आपोआप होणाऱ्या नोंदी, आणि आसपासचे कॅमेरे तेव्हा कुणी पाहिलेले नसतात.

आता शॉर्टवाल्यांबद्दल. आपल्याकडे साधा गुंतवणूकदार कॅशमध्ये शॉर्ट करतो तो त्याच दिवशी कापतो, म्हणजे शेअर परत घेऊन सौदा मिटवतो, पुढे न्यायचा तर फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये जावं लागतं. अमेरिकेत शेअर उधार घेऊन विकतात, व्याज भरत महिनोन् महिने धरून ठेवतात आणि भाव पडला की परत घेऊन देतात. २०१८ मध्ये टेस्ला हा अमेरिकेतला सर्वांत जास्त शॉर्ट झालेला शेअर होता, रक्कम दहा अब्ज डॉलरच्या वर. एवढे पैसे पडझडीवर लागलेले असताना कुणीच वाईट बातमी पसरवत नसेल असं मानणं भोळेपणाचं आहे. पण हा आकडा गुप्त नसतो. शॉर्ट इंटरेस्ट, म्हणजे शॉर्ट केलेले पण अजून परत न घेतलेले शेअर, महिन्यातून दोनदा जाहीर होतं, नॅस्डॅकच्या साइटवर बघता येतं. तिथेच सरासरी रोजच्या उलाढालीच्या हिशेबाने सगळे शॉर्ट कापायला किती दिवस लागतील हेही दिलेलं असतं. बातमीच्या आधीच्या दोन-तीन नोंदींत शॉर्ट वाढले नसतील, तर "शॉर्टवाल्यांनी कट केला" याला निदान आकड्यांचा आधार नाही.

तेजीच्या बाजूलाही पैसे होतेच. टेस्लाची रेफरल योजना होती. ठरावीक संख्येवर गिऱ्हाइकं आणणाऱ्याला येऊ घातलेल्या रोडस्टरवर सूट, थेट फुकट गाडीपर्यंत. त्या काळात टेस्लाची स्तुती करणाऱ्या कित्येक यूट्यूब चॅनेलांच्या व्हिडिओखाली हाच रेफरल कोड असायचा. २०१९ च्या सुरुवातीला कंपनीने ती योजना बंद केली. हितसंबंध तपासायचा तर दोन्हीकडचा तपासा.

२०१३ चं न्यूयॉर्क टाइम्सचं प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकलं. पत्रकाराने थंडीत मॉडेल एस डेलावेअरहून कनेक्टिकटला नेली. चार्जरमधलं अंतर सुमारे २०० मैल, गाडीची अधिकृत रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, २६५. रात्री गाडी प्लग न लावता बाहेर उभी होती. संध्याकाळी दाखवलेली ९० मैलांची रेंज सकाळी २५ वर आली. बॅटरीचे सेल गार झाले की आतला रोध वाढतो, काही ऊर्जा तात्पुरती वापरता येत नाही, शिवाय हीटर खेचतो तो वेगळाच. नॉर्विचला तासाभर चार्ज करून डिस्प्लेवर ३२ मैल असताना तो ६१ मैलांच्या प्रवासाला निघाला, आणि गाडी अखेर फ्लॅटबेड ट्रकवर चढली. टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी लेख खोटा म्हटला आणि गाडीचा लॉग प्रसिद्ध केला. लॉगमधला वेग लेखात लिहिलेल्यापेक्षा जास्त होता. टाइम्सच्याच पब्लिक एडिटरने, म्हणजे वाचकांच्या वतीने वृत्तपत्राचं काम तपासणाऱ्या संपादकाने, तपास करून लिहिलं की पत्रकाराने चाचणी चांगल्या हेतूने केली, पण काही निर्णय बरे नव्हते आणि नोंदी अचूक नव्हत्या. त्यात कारस्थान निघालं नाही, निष्काळजीपणा निघाला. आणि थंडीत रेंज घटते ही मूळ गोष्ट तर खरीच होती. ती हिवाळ्यात आजही घटते.

संशय घेणारे बहुतेक लोक या मधल्या खोलीत थांबतच नाहीत. त्यांना बातमी एक तर शंभर टक्के खरी हवी, नाही तर विकत घेतलेली.

सगळ्यात महाग पडणारी समजूत मात्र २०१८ मधून आली आहे. मॉडेल ३ चं उत्पादन आठवड्याला ५,००० वर नेण्याची मुदत २०१७ अखेरची होती, ती मार्चवर गेली, मग जूनवर. वर्तमानपत्रं लिहीत होती की रोकड संपत चाललीय, फ्रीमाँटच्या कारखान्यात गोंधळ आहे. पतमापन करणाऱ्या मूडीजने मार्चमध्ये कंपनीचं रेटिंग खाली आणलं. मे महिन्यात विश्लेषकांबरोबरच्या कॉलवर भांडवलाच्या गरजेबद्दल प्रश्न आला, तो कंटाळवाणा म्हणून मस्क यांनी उडवून लावला आणि दुसऱ्या दिवशी शेअर पाच टक्क्यांहून जास्त पडला. एप्रिल-जून तिमाहीत तोटा ७१.७५ कोटी डॉलर होता. शेअरधारक म्हणत होते, हा सगळा शॉर्टवाल्यांचा प्रचार.

पुढे जुलै-सप्टेंबरमध्ये ३१.२ कोटींचा नफा झाला. मार्च २०१९ मध्ये ९२ कोटींचे रोखे कंपनीने रोखीने फेडले. २०२० मध्ये शेअर इतका वाढला की शॉर्ट सेलरचा त्या वर्षाचा तोटा सुमारे ४० अब्ज डॉलर धरला जातो. मग सगळ्यांनी धडा घेतला: बघा, बातम्या खोट्याच होत्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये मस्क यांनी स्वतःच लिहिलं की दिवाळखोरीपासून कंपनी एका वेळी महिनाभराच्या अंतरावर होती, आणि मॉडेल ३ च्या उत्पादनवाढीचा ताण २०१७ च्या मध्यापासून २०१९ च्या मध्यापर्यंत होता. म्हणजे बातम्या बऱ्याच अंशी खऱ्या होत्या. ज्यांनी शेअर धरून ठेवला त्यांनी मोठी जोखीम घेतली आणि ती फळाला आली. बातमी खरी असूनही शेअर वाढू शकतो, आणि तसा तो वाढलाही. नफा झाला म्हणून संशय बरोबर होता असं मानलं, की पुढच्या कंपनीत तीच चूक करायला माणूस मोकळा होतो.

ती पुढची कंपनी निकोला होती. विजेवर आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या ट्रकची. सप्टेंबर २०२० मध्ये हिंडेनबर्ग या शॉर्ट सेलर संस्थेने अहवाल काढला. त्यांनी शेअर शॉर्ट केलेला होता आणि ते त्यांनी अहवालातच लिहिलं होतं. आरोप असा की जाहिरातीतला ट्रक स्वतःच्या शक्तीवर चालत नव्हता, उतारावर सोडला होता. शेअरधारकांनी नेहमीचंच उत्तर दिलं. संस्थापकाने दहा-अकरा दिवसांत राजीनामा दिला. कंपनीने सेबीच्या तोडीच्या अमेरिकन नियामकाकडे, एसईसीकडे, साडेबारा कोटी डॉलरवर तडजोड केली. संस्थापक २०२२ मध्ये दोषी ठरला (मार्च २०२५ मध्ये त्याला अध्यक्षांची माफी मिळाली), आणि कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. इथे लिहिणाऱ्याचा हितसंबंध शंभर टक्के होता आणि ट्रकही खरोखर उतारावरूनच गेला होता.

तपासायचं कसं, ते बातमीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

सुरक्षेची बातमी असेल तर टप्पा बघा. एनएचटीएसएची फाइल अर्जाची आहे, प्राथमिक तपासाची आहे की अभियांत्रिकी विश्लेषणाची? फाइलच्या क्रमांकाआधी डीपी, पीई किंवा ईए अशी अक्षरं असतात. प्राथमिक तपास किरकोळ म्हणून सोडून द्यायचा नसतो. ऑटोपायलटचा, म्हणजे टेस्लाच्या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेचा, तपास ऑगस्ट २०२१ मध्ये पीई म्हणून सुरू झाला, सुमारे ७,६५,००० गाड्या. जून २०२२ मध्ये तो ईए झाला आणि त्यातून डिसेंबर २०२३ मध्ये २० लाखांहून जास्त गाड्यांचा रिकॉल झाला, म्हणजे सुरक्षादोषासाठी त्या दुरुस्त कराव्या लागल्या. "हा फक्त सॉफ्टवेअर अपडेट आहे, याला रिकॉल म्हणणं हाच खोडसाळपणा" असं शेअरधारक म्हणाले. खर्चाच्या बाबतीत ते बरोबर होते, अपडेट इंटरनेटवरून गेला. पण कायद्याने सुरक्षादोषाची दुरुस्ती म्हणजे रिकॉलच, मग पाना लागो वा वायफाय. उपाय काय आहे ते रिकॉलच्या कागदातच असतं. एप्रिल २०२४ मध्ये सायबरट्रकच्या ३,८७८ गाड्यांचा रिकॉल झाला. जुळणीत पॅड नीट बसावं म्हणून साबण वापरला होता, त्यामुळे अॅक्सिलरेटरचं पॅड सरकत होतं. तो दोष सर्व्हिस सेंटरलाच दुरुस्त करावा लागला. गाड्या कमी असल्या तरी असा रिकॉल गुणवत्तेबद्दल जास्त सांगतो.

आगीच्या बातमीत भाजक शोधा, म्हणजे किती गाड्यांत किंवा किती मैलांमागे ते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात रस्त्यावर पडलेला धातूचा तुकडा लागून मॉडेल एस पेटली, शेअर सहा टक्के पडला. समर्थकांनी अमेरिकेत वर्षाला दीड लाखाहून जास्त वाहनं पेटतात हा आकडा पुढे केला. तुलना मैलांमागे करायची असते, आणि त्यातही टेस्लाच्या गाड्या तेव्हा सगळ्या नव्या होत्या, पेटणाऱ्या पेट्रोल गाड्यांत जुन्या भरपूर. म्हणजे बचाव करणाऱ्यांचा हिशेबही तेव्हा कच्चाच होता. मार्च २०१४ मध्ये कंपनीने तळाला टायटॅनियमचं कवच आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. गाडीत सुधारणा झाली ती त्या नकोशा बातम्यांमुळेच.

विक्रीच्या बातम्यांत सर्वांत जास्त फसवणूक होते, दोन्ही बाजूंनी. टेस्ला गाड्या लाटेसारख्या पोचवते, तिमाहीचा शेवटचा महिना जड असतो. त्यामुळे एप्रिलची तुलना मार्चशी केलेला मथळा टाकून द्या, एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशीच हवी. चीनच्या आकड्यात घाऊक आणि किरकोळ वेगळे असतात. शांघायमधून निर्यात झालेल्या गाड्या घाऊकमध्ये येतात, म्हणून घाऊक वाढला तरी चीनमधली मागणी पडलेली असू शकते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपातली घसरण मॉडेल वायच्या बदलामुळे आहे, असं समर्थक म्हणाले. कारखान्यांतल्या लाइन खरोखर बदलत होत्या. जानेवारी-मार्चमध्ये जगभरात ३,३६,६८१ गाड्या गेल्या, १३ टक्के कमी. पण बदल आटोपल्यावर एप्रिल-जूनमध्येही ३,८४,१२२ म्हणजे साडेतेरा टक्के कमीच. स्पष्टीकरण एका तिमाहीपुरतं होतं, घसरण त्याहून लांब गेली. जुलै-सप्टेंबरचा ४,९७,०९९ चा विक्रमही तसाच सोलून बघा: अमेरिकेतली ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती, गिऱ्हाइकं आधीच धावली, आणि पुढच्या तिमाहीत आकडा खाली आला.

नफ्याच्या बातमीत एकच ओळ आधी वाचा, रेग्युलेटरी क्रेडिट, म्हणजे प्रदूषणाचे नियम पाळता न येणाऱ्या इतर मोटार कंपन्यांना विकलेली क्रेडिट. जानेवारी-मार्च २०२५ चा निव्वळ नफा ४०.९ कोटी डॉलर होता, क्रेडिटचं उत्पन्न ५९.५ कोटी. "नफा ७१ टक्क्यांनी घसरला" हा मथळा ज्यांना कडवट वाटला, त्यांनी ही ओळ वाचली असती तर मथळा सौम्य वाटला असता.

कंपनीचाही यात दोष आहे. २०२० पासून टेस्लाकडे अमेरिकेत पत्रकारांना उत्तर देणारा विभागच नाही. "कंपनीने प्रतिक्रिया दिली नाही" ही ओळ प्रत्येक बातमीत येते ती म्हणून. शेअरधारकांनी याबद्दल पत्रकारांवर चिडण्याआधी संचालक मंडळाला विचारायला हवं.

आता भारताबद्दल. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत शोरूम उघडली, मॉडेल वायची किंमत ५९.८९ लाखांपासून. त्यानंतर "भारतात टेस्ला फसली" असे मथळे आले आणि लगेच "देशी कंपन्यांनी लिहून घेतलं" असंही सुरू झालं. सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलच्या डॅशबोर्डवर उत्पादक आणि महिना निवडला की नोंदणीचा आकडा समोर येतो, महाराष्ट्र निवडून आरटीओनुसारही बघता येतो. तो नोंदणीचा आकडा आहे, बुकिंगचा नाही, आणि तेलंगणाचे आकडे तिथे बराच काळ नव्हते, एवढं लक्षात ठेवा. तिमाहीला चार लाखांच्या आसपास गाड्या पोचवणाऱ्या कंपनीच्या भावावर इथल्या शेकड्यांतल्या आकड्याने काही फरक पडत नाही. त्यामुळे शेअर धरला असेल तर बीकेसीची बातमी चांगली असो की वाईट, तिच्यासाठी रात्री अमेरिकन बाजार उघडताच ऑर्डर टाकायला बसू नका.