लागलं का काही?

"लागलं का काही?" हा प्रश्न जगात पहिल्यांदा ज्याला सुचला, तो मला एकदा भेटायला हवा. पाण्याकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच विचारतो. लागलं असतं तर मी असा तोंड पाडून बसलो असतो का? एरवी मी हे सोडून देतो. पण रविवारपासून जरा जास्तच झोंबतंय.

उजाडता उजाडता तळ्यावर पोचलो. गळाची काठी स्टँडवर टेकवली, शेजारी ट्रायपॉड उभा केला आणि लांब लेन्स समोरच्या वाळक्या फांदीवर रोखली. त्या फांदीवर खंड्या येतो. एकाच वेळी दोन छंद म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी नापास, असं मला घरी ऐकवलं जातं, आणि ते खोटं नाही. मासा लागत नसला की मी फोटो काढायला आलेला असतो. पक्षी येत नसला की मी मासे धरायला आलेला असतो.

पाऊण तासाने मागून ते आले. पांढरेशुभ्र बूट, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरताहेत.

"लागलं का काही?"

मी नुसती मान हलवली.

"बोला की मोकळेपणाने! माशांना कान नसतात."

इथे मी चुकलो. गप्प राहायचं सोडून त्यांना सांगायला गेलो की माशांना कान असतात, बाहेरून दिसत नाहीत इतकंच. कार्पच्या जातीतल्या माशांना तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्या इवल्या हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना चांगलं ऐकू येतं.

"म्हणजे आपलं बोलणं ऐकतायत ते?"

"तसं नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो."

"मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

"पण पावलांचे हादरे जमिनीतून पाण्यात जातात."

"कसे, असे?" म्हणत त्यांनी जागच्या जागी तीन उड्या मारल्या. गळाचं बूच डचमळलं. उथळ पाण्यात मघापासून रेंगाळणारी एक सावली होती, ती गेली.

मी त्यांना हात जोडून खाली बसायची विनंती केली. कारणही दिलं, ही माझी खोड. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत कोंबलेलं दिसतं. उभा माणूस त्यात ठसठशीत येतो, बसलेला कडेला दबून जातो.

"म्हणजे मी आत्ता त्याला दिसतोय?" असं विचारून त्यांनी पाण्याकडे बघून हात हलवला.

माझं एक गाऱ्हाणं आहे. माणूस कीबोर्ड बडवत असला की तो कामात आहे असं लोक समजतात. तोच माणूस पाण्याकडे बघत बसला की तो रिकामा, म्हणजेच सार्वजनिक. त्याला वेळ विचारावी, रस्ता विचारावा, आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगावं. वाट बघणं हेही काम असतं, निदान माझ्यापुरतं तेच काम आहे, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. खंड्या पाण्यात सूर मारून मासा घेऊन बाहेर येतो, तो सगळा खेळ डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. तो टिपायला शटर सेकंदाच्या ३२००व्या भागावर ठेवायचं, १० मीटरवर जेमतेम १० सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो त्यात त्याने असायला हवं, आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी आपण गुडघ्याबद्दल ऐकत नसायला हवं.

"किती झूम आहे हो याला?" गुडघा संपला होता. "माझ्या फोनला शंभर पट आहे." त्यांनी चंद्राचा फोटो दाखवला. चांगला होता. चंद्र उडून जात नाही, हे मी बोललो नाही.

"आता माझा एक काढा. काठीशेजारी. मासा आहे का एखादा हातात धरायला?"

नव्हता. असता तरी दिला नसता. मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करूनच धरावा लागतो, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. शिवाय हे गृहस्थ नक्कीच तो हात लांब करून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरणार. बोटाएवढा मासा मांडीएवढा दिसतो तो असा.

फोटो काढला की जातील, या आशेने मी फोन हातात घेतला. ते काठीजवळ उभे राहिले आणि त्यांनी पोट आत घेतलं. पोट आत घ्यायचं तर श्वास रोखावा लागतो, आणि श्वास रोखला की बोलता येत नाही. दीड तासात पहिल्यांदा तळ्यावर शांतता पसरली.

त्या शांततेत खंड्या आला. फांदीवर नाही, माझ्या काठीच्या टोकावर. चोचीत मासा. तो मासा त्याने काठीवर दोनदा आपटला, डोक्याकडून गिळला आणि गेला. माझी लेन्स दूरच्या फांदीकडे तोंड करून उभी होती; नसती तरी साडेचार मीटरच्या आतलं तिला दिसत नाही. मी फोनचं बटण दाबत सुटलो होतो. फोनचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे जवळचं, लांबचं, सगळंच स्पष्ट येतं. एका फोटोत सगळं होतं: मिटलेले पंख, चोचीत आडवा मासा, उडालेला थेंब. आणि पोट आत घेतलेले गृहस्थ.

माझे हात थरथरत होते. त्यांनी फोन घेतला.

"वा! पण हे मागे निळं काय आलंय?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. "हां, झालं स्वच्छ."

मूळ फोटो, मी जवळजवळ ओरडलो, मूळ फोटो ठेवा! तर म्हणाले, जागा भरली होती, बाकीचे आत्ताच काढून टाकले.

रात्री त्यांनी तो मला पाठवला. मी मागितला होता, का ते विचारू नका. पक्ष्याबरोबर माझ्या काठीचं वीतभर टोकही पुसलं गेलंय. तसं कळवलं, तर लगेच उत्तर आलं: "असू द्या हो, तिला तसंही काही लागत नव्हतं."