‘स्नायू आळसाने जातात’ या प्रतिक्रियेच्या निमित्ताने

महोदय,

म्हातारपणी शरीरात होणाऱ्या बदलांवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, ‘स्नायू वयाने जात नाहीत, आळसाने जातात, नव्वदीतल्या वृद्धांवरचा १९९० चा प्रयोग लेखकाने वाचलेला दिसत नाही.’ पुढे डोळे, कान आणि मूत्रपिंड यांवरूनही माझी हजेरी घेतली आहे. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ‘वाचलेला दिसत नाही’ हे मत नव्हे, शेरा आहे. समोरच्याला अडाणी ठरवून चर्चेला तोंड फोडण्याची ही रीत आपल्याला शोभते की नाही, हे आपणच ठरवावे.

तो प्रयोग मी वाचला आहे, आणि बहुधा आपल्यापेक्षा थोडा पुढपर्यंत वाचला आहे. संशोधक मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, आणि जे शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा आकडा सगळेच सांगतात. त्याच निबंधात असेही नोंदवले आहे की मांडीच्या स्नायूचा आकार वाढला तो सुमारे ९ टक्क्यांनी. मुळात ताकद इतकी खालावलेली होती की थोडीशी भरही टक्क्यांत मोठी दिसावी, आणि शिवाय उरलेले तंतू एकदिलाने कामाला लावण्यास मज्जासंस्था नव्याने शिकली. व्यायामाचा उपयोग होतो, हे त्यातून निर्विवाद सिद्ध होते, आणि माझ्या लेखातही ते लिहिलेले आहे. मात्र गेलेले सगळे परत येते, किंवा जे गेले ते निव्वळ आळसाने गेले, असे त्यातून कुठेही निघत नाही.

कारण स्नायू एकटा झिजत नाही. पाठीच्या कण्यातून निघणारी एक चेतापेशी स्नायूच्या अनेक तंतूंना हलवीत असते. उतारवयात अशा काही पेशी मरतात. त्यांचे पोरके झालेले तंतू कधी शेजारची चेता दत्तक घेते, कधी ते वाळून जातात. त्यातही झटक्यात जोर लावणारे तंतू अधिक झिजतात, म्हणून ठेच लागल्यावर पूर्वी आपसूक सावरणारा माणूस म्हातारपणी पडतो. बसून राहिल्याने ही घसरण वेगाने होते, हे खरेच. पण मेलेली चेतापेशी बैठका मारल्याने उठून बसत नाही. आणि आळस हेच मूळ असते, तर वजन उचलण्याच्या स्पर्धांत आयुष्यभर सराव केलेल्यांचे वयोगटवार विक्रम वाढत्या वयाबरोबर खाली का आले असते? त्यांना तर आपणही आळशी म्हणणार नाही.

माझे वडील खेळाडू नव्हते, परंतु त्यांनी जन्मभर अंगमेहनत केली आणि चालणे शेवटपर्यंत सोडले नाही. ऐंशी ओलांडल्यावर खुर्चीतून उठताना ते आधी कडेपर्यंत सरकत, दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रोवत, एका हिसक्यात अर्धे उठत, आणि तिथेच ओणवे थांबून गुडघे साथ देतात की नाही याचा अंदाज घेत. आधार द्यायला मी दंड धरला की कागदासारख्या पातळ कातडीखाली बोटांचे जांभळे डाग उमटत आणि ते कितीतरी दिवस जात नसत. हे सारे मी रोज पाहिले आहे. आपण ते पाहिले आहे का, हे मला ठाऊक नाही. आपल्या प्रतिक्रियेवरून तरी तसे वाटत नाही. (शेरा मारणे किती सोपे असते, पाहिलेत?)

मूत्रपिंडे वयाबरोबर दुबळी होतातच असे नाही, हे आपले म्हणणे काही अंशी रास्त आहे, ते मी मोकळेपणाने मान्य करतो. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५८ पासून चाललेल्या वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासात सुमारे एक तृतीयांश व्यक्तींच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता वर्षानुवर्षे घटलेली आढळली नाही. उरलेल्यांचे काय, याबद्दल मात्र आपण मौन पाळले आहे.

डोळ्यांच्या व्यायामाने चाळिशीचा चष्मा सुटतो, या विधानावर वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. डोळ्यातील भिंग वयाबरोबर ताठर होते, आणि डोळे गरगर फिरवून ते मऊ होत नाही. कानांबद्दलचा आपला मुद्दा मूळ लेखात आधीच आलेला आहे, कृपया तो परिच्छेद पुन्हा वाचावा.

राहिला ‘वृद्धांना घाबरवण्याचा’ आरोप. पाय का थरथरतात हे ज्याला कळले, तो न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतो आणि जमेल तेवढा व्यायामही सुरू करतो. ‘तुम्ही आळशी होतात म्हणून ही वेळ आली,’ असे त्याला ऐकवणे मला जमणार नाही. स्नायूंविषयी आपल्याकडे आणखी काही पुरावा असल्यास अवश्य लिहावे, मी उत्तर देईन. माझ्या वाचनाविषयी लिहिणार असाल, तर देणार नाही.