पाय गमवा, नाव कमवा

वकील, सेनापती, खासदार असं सगळंच एका जन्मात व्हायचं असेल, तर न्यूयॉर्कच्या डॅनियल सिकल्सांचा कित्ता गिरवा. सज्जनपणाची अट नाही.

राज्याच्या विधानसभेत निवडून आलात की वेश्यागृह चालवणाऱ्या मैत्रिणीला सभागृह दाखवायला घेऊन जा. सदस्य ठपका ठेवतील, ठेवू देत. पुढे लंडनच्या वकिलातीत नेमणूक झाली की गरोदर बायकोला घरी ठेवून या मैत्रिणीलाच सोबत न्या.

मात्र बायकोचं पाऊल वाकडं पडलं की तुम्हाला घराण्याची अब्रू आठवलीच पाहिजे. २७ फेब्रुवारी १८५९ रोजी सिकल्सांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफाएट चौकात बायकोच्या प्रियकराला, फिलिप बार्टन की याला, भरदिवसा गोळ्या घातल्या. हा राजधानीचा सरकारी वकील. प्रतिकार म्हणून त्याने जवळची नाटकं बघायची दुर्बीण फेकून मारली, बिचाऱ्याने! तुम्ही फक्त वकील तगडे लावा. एडविन स्टँटन आणि मंडळींनी ‘त्या क्षणी साहेबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं’ असा बचाव केला आणि साहेब सुटले. पण नंतर बायकोला पुन्हा नांदवायला घेऊ नका हं. खुनाला टाळ्या वाजवणारे लोक तेवढं मात्र खपवून घेत नाहीत.

नाव काळवंडलं? अमेरिकेचं यादवी युद्ध येईलच. २ जुलै १८६३, गेटिसबर्ग. उत्तरेच्या सैन्याचे प्रमुख जनरल मीड यांनी नेमून दिलेली जागा आवडली नाही, तर न विचारता दहा हजार माणसांची कोअर, म्हणजे आपली मोठी सैन्यतुकडी, घेऊन पीचच्या बागेपर्यंत पुढे सरका. कोअर चिरडली जाईल. तुमच्या उजव्या पायावर तोफगोळा बसेल, आणि इथेच नशीब उघडेल! पाय गेलेल्या जनरलचं कोर्टमार्शल करायला कोण धजावणार? स्ट्रेचरवरून नेताना सिगार तेवढी ओढा.

कापलेला पाय फेकू नका. लहानशा शवपेटीत घालून ‘मेजर जनरल डी. ई. एस. यांच्याकडून सप्रेम’ अशा चिठ्ठीसह लष्करी वैद्यकीय संग्रहालयात पाठवा, आणि दरवर्षी त्याच तारखेला भेटायला जा. चूक आपली नव्हतीच, मीडचीच होती, हे त्याच्या मृत्यूनंतरही सांगत राहा. १८९७ मध्ये मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळेल.

मग राज्याच्या स्मारक समितीचं अध्यक्षपद घ्या. १९१२ मध्ये हिशेबात सुमारे २८ हजार डॉलर कमी भरले आणि सिकल्सांना खुर्ची सोडावी लागली. त्यांच्या ब्रिगेडच्या स्मारकात अर्धपुतळ्याची जागा आजही रिकामीच. वाईट वाटून घेऊ नका, १९१४ मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात जागा मिळते. एका पायाची सोय संग्रहालयात आधीच झालेली असते.