‘पातेगळ शून्य, उतारा दुप्पट’: कपाशीच्या संजीवकांबद्दलचा खोटा दावा

कपाशीला पाते, म्हणजे फुलाच्या कळ्या, लागले की मोबाइलवर हा मजकूर फिरू लागतो: ‘दर पंधरा दिवसांनी संजीवक मारा. पातेगळ शून्य, उतारा दुप्पट, कोणत्याही जमिनीत चालतं.’ सोबत एनएए, जिबरेलिक ॲसिड आणि मेपिक्वाट क्लोराईड या संजीवकांची, म्हणजे झाडाची वाढ कमी-जास्त करणाऱ्या रसायनांची, यादी. उधारीवर औषध आणणाऱ्याला असा सल्ला देणं अन्यायाचं आहे.

पातेगळ शून्य होतच नाही. निरोगी पऱ्हाटीसुद्धा निम्म्याहून जास्त पाते, फुलं, लहान बोंडं गाळते. पोसवतील तेवढीच ठेवते. ढगाळ हवा किंवा ताणामुळे त्याहून जास्त गळ झाली, तर एनएए उपयोगी पडतं. पण रानात पाणी साचलं असेल तर आधी चर काढा, वाफसा येऊ द्या. गळलेलं पातं उचलून बघा. त्याला छिद्र आणि आत विष्ठा दिसली तर ती अळीची करामत. तिथे संजीवक काय करणार?

‘दर पंधरा दिवसांनी’ तर घातकच. एनएए ४.५ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्यात ४.५ मिलीने २० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत २० भागांचं, द्रावण होतं. इतक्या थोड्या मात्रेत काम करणारं हेच एनएए सफरचंदाच्या बागेत फळं विरळ करायला, म्हणजे मुद्दाम गाळायला वापरतात. मात्रा चुकली की फळ टिकवणारं औषधच ते पाडतं. शिवाय यादीतलं जिबरेलिक कांड्या लांबवतं, मेपिक्वाट आखूड करतं. दोन्ही एकाच झाडावर कशासाठी?

सगळ्यात जास्त नुकसान ‘कोणत्याही जमिनीत’ या शब्दांनी होतं. मेपिक्वाट अन्न तयार करत नाही. वाढ रोखून असलेलं अन्न बोंडांकडे वळवायला मदत करतं. भारी काळ्या रानात, ठिबकवर माजलेल्या कपाशीला ते मानवतं. ९० बाय १५ सेंटिमीटरच्या सघन लागवडीत, जिथे एकरी सुमारे ३० हजार झाडं बसतात, तिथे तर वाढ आवरावीच लागते. पण मुरमाड कोरडवाहूत पावसाने ओढ दिलेली, झाड जेमतेम गुडघ्याएवढं, तिथे आणखी खुंटवून फळफांद्या कुठून येणार? तिथे हा खर्च करूच नका.

पंपाचंही बघा. २,४-डी तणनाशक मारलेला पंप नीट धुतला नसेल तर कपाशीची पानं भेंडीसारखी चिरली जातात, आणि दोष संजीवकावर येतो.

संजीवकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. जैव-उत्तेजकं, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणारी इतर द्रव्यं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली. त्यामुळे बाटलीवर घटकाचं नाव, टक्केवारी आणि नोंदणी क्रमांक नसेल, नुसतं ‘टॉनिक’ असेल, तर ती दुकानातच परत करा.