चाळकेवाडीच्या जुन्या पवनचक्क्यांचं काय?

२०३० पर्यंत जगाची अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करायचं २०२३ च्या दुबई हवामान परिषदेत ठरलं, त्यात वाऱ्याचा वाटा मोठा, हे पवनऊर्जेवरच्या तुमच्या लेखात नीट आलंय. पण आम्हा सातारकरांना वेगळाच प्रश्न पडतो. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला आणि पाटण तालुक्यात वनकुसवड्याला, पठारावरच्या भन्नाट वाऱ्याच्या जागा अजून बऱ्याच ठिकाणी जुन्या छोट्या यंत्रांनी अडवल्यात. एकेक दोन-साडेतीनशे किलोवॉटचं. आता एकच यंत्र ३ मेगावॉटचं, म्हणजे ३,००० किलोवॉटचं मिळतं. नव्वदच्या दशकात पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची, म्हणून कित्येकांनी वाऱ्यापेक्षा प्राप्तिकराकडे बघून चक्क्या उभ्या केल्या. (खोटं वाटत असेल तर एखाद्या जुन्या सीएला विचारा!) वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, मग असली जागा वाया का घालवायची? जुनी यंत्रं बदलायचं केंद्राचं धोरण २०२३ मध्येच आलंय. पण शेजारशेजारच्या चक्क्यांचे मालक वेगवेगळे, त्यांची मोट बांधणार कोण? आणि साठ-सत्तर मीटरचं अखंड पातं आमच्या घाटातल्या वळणांवरून वर कसं चढवणार, तेही लेखकांनी सांगावं.