ग्रँड कॅन्यन : दीड मैलावरून परत फिरण्याबद्दल

माननीय भाऊ, सप्रेम नमस्कार.

ग्रँड कॅन्यनच्या आमच्या कौटुंबिक सहलीवरील लेखावर आपण दर्यापूरहून पाठवलेली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे : एवढा खर्च करून अमेरिकेला गेल्यावर ब्राइट एंजल पायवाटेने जेमतेम दीड मैल उतरून परतणे म्हणजे दरी न पाहण्यासारखेच आहे, सासूबाईंना वर बसवून ठेवणे योग्य नव्हते, उन्हाचा एवढा बाऊ करणे वऱ्हाडी माणसाला शोभत नाही, आणि दरीच पाहायची होती, तर अचलपूर तालुक्यातून चिखलदरा काय लांब होते? येत्या जूनमध्ये आपण सहकुटुंब मुलाकडे जाणार असून एका दिवसात दरीच्या तळाशी वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीला हात लावून परत येण्याचा आपला बेत आहे, असेही आपण लिहिले आहे. हे वाक्य नसते तर मी आभार मानून दोन ओळींत उत्तर आटोपले असते.

डोंगर चढणारा माणूस दमला की मागे फिरतो आणि पुढची सगळी वाट उताराची असते. दरीत हा हिशेब नेमका उलटा होतो. तेथे उतार आधी येतो, तोही पहाटेच्या गारव्यात आणि ताज्या पायांनी. मुले धावत सुटतात, मोठ्यांनाही आपण फार सहज चाललो आहोत असे वाटू लागते आणि दमल्याची जाणीव होते तेव्हा संपूर्ण चढ डोक्यावर उभा असतो. म्हणून किती उतरलो यापेक्षा किती चढू शकू हे आधी ठरवावे लागते, आणि कुटुंबात ते सर्वांत कमी चढू शकणाऱ्या माणसावरून ठरते. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असे ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाचे लोक सांगतात आणि आमचा अनुभवही तसाच आहे.

आता आपल्या बेताची मोजमापे पाहू. ब्राइट एंजल पायवाट दक्षिण काठावर जेथे सुरू होते ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१,६४६ मीटर) बरीच उंच. सपाट वऱ्हाडातून गेलेल्या माणसाला तेथे चढावर धाप लवकर लागते. तेथून नदीपर्यंतची उतरण १,३०० मीटरांहून अधिक आहे. चिखलदऱ्याची उंची सुमारे १,१०० मीटर धरली, तर चिखलदऱ्याहून थेट समुद्रसपाटीपर्यंत उतरलो तरी एवढी उतरण भरत नाही. जाऊन-येऊन चाल पंचवीस किलोमीटरांच्या आसपास होते आणि तिचा जड अर्धा भाग दुपारी येतो. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यानाने पायवाटेवरच्या फलकांवर स्पष्ट बजावले आहे. अमेरिकन लोक जबाबदारी झटकण्यासाठी असे फलक लावतात, हे आपले मत मला पटत नाही. फलकावरचे चित्र ऊन लागून कोसळलेल्या माणसाचे आहे आणि दर उन्हाळ्यात तेथून लोकांना खरोखरच सोडवून आणावे लागते.

उन्हाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपला हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. आपल्याला ४५ अंशांची सवय आहे हे खरे. पण ती सवय कशाची आहे? वैशाखात आपल्याकडे वावरातले काम पहाटे सुरू होते, दहा-साडेदहाला माणूस आणि बैल दोघेही निंबाच्या सावलीत येतात आणि उन्हे कलेपर्यंत कोणी बांधावर दिसत नाही. बाहेर पडावेच लागले तर डोक्याला दुपट्टा असतो आणि निघण्यापूर्वी घरात पन्हे किंवा ताक पोटात गेलेले असते. आपली सवय ऊन टाळण्याची आहे, उन्हात डोंगर चढण्याची नाही. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत दरीत चालू नका, असे उद्यान सांगते. तो आपल्याच आजोबांचा नियम आहे आणि परदेशी गेल्यावर तो मोडण्याचे कारण मला दिसत नाही.

शिवाय ही दरी फसवते. जूनमध्ये पहाटे काठावर स्वेटर लागतो, दुपारीही तेथे तापमान सरासरी २७ अंशांच्या आसपास राहते. पण शंभर मीटर खाली उतरले की साधारण एक अंश वाढतो, त्यामुळे त्याच दुपारी तळाशी सरासरी ३८ अंश असतात आणि अनेक दिवशी पारा चाळिशी ओलांडतो. हे आकडे सावलीतले आहेत; तापलेल्या खडकांची धग वेगळी. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो. अशा वेळी नुसते पाणी पीत राहणेही घातक ठरते, कारण रक्तातील मिठाचे प्रमाण घटून माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. आम्ही बरोबर खारे शेंगदाणे आणि साखर-मिठाचे पाणी नेले होते, आणि दहाच्या आत वर पोहोचलो होतो.

दीड मैलात काही पाहिले नाही, हे तर मुळीच खरे नाही. काठावरचा कैबाब चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. म्हणजे दरीचा सर्वांत वरचा, सर्वांत तरुण थरदेखील आपल्या गाविलगडच्या काळ्या पाषाणाच्या चौपट वयाचा आहे, कारण दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याखाली लागणारा फिकट कोकोनिनो वालुकाश्म म्हणजे दगड झालेल्या वाळूच्या टेकड्या. त्या थरात प्राचीन प्राण्यांची पावले उमटलेली आहेत. मुलांनी उतरताना या थरांचे बदलते रंग स्वतः ओळखले. वाटेत खेचरांचा तांडा आला तेव्हा दरीची कड सोडून डोंगराच्या अंगाला उभे राहायचे, हेही ती शिकली. काठावर उभ्या असलेल्या गर्दीला यातले काही मिळत नाही.

सासूबाईंना बसवून ठेवले, हा आरोप त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्या हसल्या. आम्ही खाली होतो तेव्हा त्या दिरांबरोबर काठावरच्या ‘ट्रेल ऑफ टाइम’ या सपाट, बांधीव वाटेवर चालत होत्या. तेथे प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे धरली असून, दरीतल्या निरनिराळ्या थरांचे दगड हात लावून पाहता येतील असे ओळीने मांडलेले आहेत. तळाचे सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे खडक, ज्यांच्यापर्यंत आम्ही कोणीच पोहोचलो नाही, त्यांना हात लावणाऱ्या घरात त्या एकट्याच.

चिखलदऱ्याबद्दल एवढेच म्हणते की तेथे आम्ही पावसाळ्यात जातोच, आणि एक दरी पाहिल्याने दुसरीचा अपमान होत नाही. भीमकुंडाच्या काठावरून खाली पाहून आलेल्या माणसाला ‘तळाला हात लावला का’ असे आपण विचारत नाही, तीच सवलत आम्हालाही मिळावी.

नदीपर्यंत जायचेच असेल, तर जून सोडून मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडावा आणि तळाशी मुक्काम करावा. तंबूसाठी परवाना लागतो, फँटम रँच या तळाच्या विश्रामस्थानातील जागा सोडतीने मिळते. दोन्हींसाठी चिरंजीवांना कित्येक महिने आधी अर्ज करायला सांगावे. जूनलाच जाणे भाग असेल, तर साउथ कैबाब पायवाट नातवंडांसाठी टाळावी, कारण तिच्यावर पाणी नाही. ब्राइट एंजलवर दीड आणि तीन मैलांवरच्या विश्रांतिस्थानी उन्हाळ्यात पाणी असते. तरी नळ सुरू आहेत की नाहीत हे निघण्यापूर्वी वरच्या माहिती केंद्रात विचारून घ्यावे, कारण जलवाहिनी अधूनमधून फुटते.